साडूभाऊ ट्रेनर होतात

माझ्या थोरल्या साडूंइतका कागदाला मानणारा माणूस मराठवाड्यात दुसरा नसेल. आणि असलाच, तर त्याच्याकडे तसा दाखला नसेल. चौतीस वर्षं त्यांनी सरकारी भूमापक म्हणून जमिनी मोजल्या. गंगापूरच्या उसातून आणि सिल्लोडच्या मक्यातून ते फीत ओढत हिंडले, पण या सगळ्या काळात त्यांनी स्वतःच्या डोळ्यांवर म्हणून कधी विश्वास ठेवला नाही. समोर विहीर दिसत असली तरी नकाशात नसेल तर ती विहीर नव्हे, असं ते शेतकऱ्याला शांतपणे सांगत. शेतकरी काकुळतीला येऊन म्हणे, "साहेब, पण मी रोज पाणी पितो की तिचं!" त्यावर साडूभाऊ म्हणत, "प्या ना. पिऊ नका असं कुठं म्हणलं मी?" घरातही हाच कारभार. स्वतःच्या लग्नाची पत्रिका त्यांनी फाइलला लावून ठेवली आहे, आणि तिच्यावर मागच्या बाजूला 'समारंभ वेळेवर पार पडला' असा शेरा मारून खाली सही केली आहे. अक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, ही पत्रिका आल्यागेल्याला दाखवते आणि म्हणते, "बघा, माझ्यावर शेरा मारलेला माणूस!"

तर असे हे साडूभाऊ वयाच्या साठाव्या वर्षी जिमचे ट्रेनर व्हायला निघाले. निघायचं कारणही कागदच. निवृत्तीनंतर रक्तात साखर निघाली, डॉक्टरांनी व्यायाम करा म्हणून सांगितलं, आणि डॉक्टरांनी लिहून दिलं म्हटल्यावर साडूभाऊ दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता गारखेड्यातल्या एका जिमच्या दारात उभे राहिले. अंगकाठी म्हणाल तर मोजणीच्या काठीला शर्ट घातल्यासारखी. आतला ट्रेनर त्यांच्याकडे बघून म्हणाला, "काका, तुम्ही बागेत फिरा. इथं तुमचं काम नाही." साडूभाऊंना राग आला नाही. त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "आपलं या विषयातलं शिक्षण?" त्यानं दंड फुगवून दाखवला. "शिक्षण कशाला पाहिजे काका? बॉडी आहे ना!"

तिथून ते तडक आमच्या घरी आले. आम्ही दोघं एकमेकांना साडूभाऊच म्हणतो, त्यामुळे तिसऱ्या माणसाला कोण कुणाला बोलतंय ते कळत नाही. "साडूभाऊ," ते खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाले, "त्या माणसाकडं दाखला नाही. विनादाखला माणसं वाकवतोय तो! उद्या कुणाचा मणका सरकला तर नोंद कुठं करायची?" मी म्हटलं, करा तक्रार. "तक्रार करायची तर आधी आपल्याला विषय यायला पाहिजे," असं म्हणून ते उठले, आणि चौथ्या दिवशी त्यांनी सिडकोतल्या एका संस्थेत फिटनेस ट्रेनरच्या सहा महिन्यांच्या कोर्सला नाव घातलं. पात्रता बारावी पास. साडूभाऊ पहिलीपासूनची प्रगतिपुस्तकं घेऊन गेले होते. टेबलामागच्या मुलीनं तो गठ्ठा बघून विचारलं, "ॲडमिशन कुणाचं आहे काका? नातवाचं?" साडूभाऊ म्हणाले, "नातू दुसरीत आहे. तो अपात्र आहे."

वर्गात बावीसजण होते आणि साडूभाऊ सोडले तर कुणीही पंचविशीच्या पुढचं नव्हतं. सगळ्यांना ट्रॅकसूट सक्तीचा. साडूभाऊंनी तो घेतला, पण त्याच्या टी-शर्टाला खिसा नाही हे पाहून ते इतके अस्वस्थ झाले, की गुलमंडीतल्या शिंप्याकडून त्यांनी त्यावर पांढरा खिसा शिवून घेतला आणि त्यात एक निळं आणि एक लाल अशी दोन पेनं अडकवली. पुढं पाठीवर झोपून करायच्या व्यायामात ती पेनं निसटून मानेखाली जात. शेजारच्या सतरंजीवरची निकिता नावाची मुलगी ती उचलून देई. निकिता रोज फुलंब्रीहून एसटीनं यायची. अंगानं चपळ, बोलायला रोखठोक, आणि पुस्तक म्हटलं की तोंड वाकडं करणारी. पहिल्याच आठवड्यात तिनं सौदा ठरवून टाकला. "काका, मला ते हाडांची नावं ध्यानात राहत नाय. तुमाला खाली बसता येत नाय. तुम्ही मला नावं शिकवा, मी तुमाला बसाया शिकवते."

नावं शिकवायची साडूभाऊंची रीत त्यांचीच होती. पुस्तक इंग्रजीत, आणि इंग्रजी शब्द आला की ते मला फोन करत, कारण मी ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवतो आणि भाषेचा माणूस म्हणजे सगळ्याच भाषांचा, असा त्यांचा समज आहे. एकदा दुपारी वर्गातून बाहेर येऊन मी फोन घेतला तर पलीकडून गंभीर आवाज, "साडूभाऊ, ॲबडक्शन म्हणजे अपहरणच ना?" मी घाबरून विचारलं, कुणाचं? "हाताचं. हात अंगापासून लांब नेला की ॲबडक्शन लिहिलंय." थोडा वेळ विचार करून तेच म्हणाले, "मग परत आणला की सुटका म्हणतो." त्या दिवसापासून त्यांच्या वहीत हाताचं अपहरण आणि हाताची सुटका असे दोन मथळे आहेत. माणसाच्या देहाचा तर त्यांनी गावनकाशाच काढला. मोजणीच्या कोऱ्या वहीत छातीचं शिवार, पोटाचं शिवार, पाठीचं शिवार. प्रत्येक स्नायूला गट नंबर, आणि खाली पूर्वेस काय, पश्चिमेस काय याची नोंद. मांडीवरून तिरपा जाणारा जो लांबलचक स्नायू असतो, त्यावर त्यांनी लिहिलं होतं, 'पांदण रस्ता. वहिवाट चालू.' निकिताला पुस्तकात सहा महिने कळलं नसतं ते त्या वहीतून सहा दिवसांत कळलं. तिचं घर शेतातच, बांध आणि पांदण तिला कुणी समजावून द्यायला नको होतं.

शिकलेलं लगेच वापरायचं, हा त्यांचा आणखी एक नियम, आणि त्यात आम्ही नातेवाईक भरडून निघालो. एका साखरपुड्यात त्यांनी माझी कंबर मोजायला घेतली तीही नोकरीतल्या तीस मीटरच्या फितीनं. अक्का लांबून ओरडली, "अहो, निदान छोटी फीत तरी आणा! लोकांना काय वाटंल?" त्याच समारंभात माझ्या बायकोच्या आत्यानं बिचारीनं सहज विचारलं, की किती जोरात चाललेलं चांगलं. साडूभाऊ म्हणाले, दोनशे वीसमधून वय वजा करायचं, मग नाडीचा हिशेब निघतो, वय सांगा. आत्या गेली दहा वर्षं अठ्ठावन्नची आहे. ती म्हणाली, अठ्ठावन्न. साडूभाऊंनी वहीत लिहिलं, आणि पेन तसंच धरून विचारलं, "जन्माचा दाखला आहे?" आत्या जेवली नाही.

आमच्या शहरात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, आणि तो दिवस म्हणजे प्रत्येक कॉलनीचा सण. बायका-पुरुष सगळे बादल्या घेऊन धावत असतात. अशा एका सकाळी साडूभाऊ गल्लीच्या मधोमध उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला वजन उचलायची शास्त्रीय पद्धत सांगत होते. "कमरेतून नाही, मांडीतून! पाठ ताठ! श्वास सोडत उचला!" शेजारच्या बाई दोन्ही हातांत बादल्या घेऊन म्हणाल्या, "काका, श्वास उद्या सोडते. आत्ता पाणी जाईल." घरात आहारशास्त्राचा धडा सुरू झाला तेव्हा त्यांनी अक्काला विचारलं, तुझी एक ज्वारीची भाकरी किती ग्रॅमची? अक्कानं परातीतून मान वर न करता उत्तर दिलं, "माझ्या भाकरीला ग्रॅम नसतात. खायची तर खा."

संस्थेत शिकवायला इम्रान सर होते. वय तिशीचं, खांदे दारातून तिरपे करून आत यावं लागेल असे, आणि स्वभाव लोण्यासारखा. ते साडूभाऊंना चाचा म्हणत. प्रथमोपचाराच्या तासाला जमिनीवर रबरी माणूस झोपवला होता. बेशुद्ध माणूस दिसला की आधी खांद्यावर थोपटून मोठ्यानं हाक मारायची, असा धडा. साडूभाऊ गुडघ्यावर बसले, दोन बोटांनी त्या पुतळ्याचा खांदा हलकेच थोपटला आणि म्हणाले, "नमस्कार. आपल्याला बरं वाटत नाही का?" वर्ग हसून लोळला. इम्रान सर म्हणाले, "चाचा, वो बेहोश है. चिल्लाओ!" साडूभाऊ म्हणाले, "बेशुद्ध असला म्हणून काय झालं सर, ओळख नाही पाळख नाही, एकदम ओरडायचं कसं?" लेखी चाचण्यांत ते पहिले येत आणि प्रात्यक्षिकात शेवटचे. उठाबशा काढताना खाली बसायलाही आणि परत वर यायलाही निकिताचा हात लागे. सर एकदा थकून म्हणाले, "चाचा, आप को सब मालूम है. बस आप के बदन को अभी किसी ने बताया नहीं."

परीक्षेत झालंही तसंच. लेखीत साडूभाऊ वर्गात पहिले. निकिताला वहीतलं सगळं कळत होतं, पण इंग्रजी नावं लिहायची म्हटल्यावर ती हाडांच्या प्रश्नावर घसरली आणि थोडक्यात नापास झाली. प्रात्यक्षिकात प्रत्येकाला एक अनोळखी माणूस देतात आणि अर्ध्या तासात त्याची चौकशी करून, त्याला झेपेल असा व्यायाम करून घ्यायचा असतो. साडूभाऊंच्या वाट्याला एक जाड, हसतमुख दुकानदार आला. साडूभाऊंनी त्याला खुर्चीवर बसवलं, फॉर्म काढला, आणि चौकशी सुरू केली. नाव, वडलांचं नाव, पत्ता, राहत्या घराच्या पूर्वेला कोण राहतं, पश्चिमेला कोण, पूर्वीची दुखणी, आजोबांची दुखणी. घंटा झाली तेव्हा दुकानदार खुर्चीवरून उठलाही नव्हता. "नापास," साडूभाऊ आमच्या घरी येऊन म्हणाले. "पण फॉर्म पूर्ण भरला मी."

फेरपरीक्षा तीन महिन्यांनी होती. इम्रान सरांनी साडूभाऊ आणि निकिता अशा दोघांसाठी दुपारचा जादा सराव लावला. त्या सरावाच्या दुसऱ्याच आठवड्यात, एका दुपारी, अक्का मोरीत घसरून पडली. घरात कुणी नव्हतं. तिनं हाका मारल्या, पण नेमका पाण्याचा दिवस. गल्लीत मोटारींची घरघर, टाक्यांमध्ये धार, कुणाला काही ऐकू गेलं नाही. साडूभाऊ ट्रॅकसूट घालून परत आले तेव्हा ती दीड तास ओल्या फरशीवर पडून होती. खुब्याचं हाड मोडलं होतं.

ऑपरेशन नीट झालं. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवसापासून उभं करा म्हणून सांगितलं. पण अक्का उभी राहीना. अख्खं आयुष्य जिनं उभ्यानं काढलं, चार घरांची लग्नं पदर खोचून पार पाडली, ती बाई पाय जमिनीला लावायचा म्हटला की पलंगाचा कठडा दोन्ही हातांनी धरून डोळे मिटून घ्यायची. फिजिओथेरपीवाल्या बाई बारा दिवस आल्या. तेराव्या दिवशी अक्कानं त्यांना चहा पाजायला लावला आणि उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. साडूभाऊंनी त्याच दिवशी सगळ्या वह्या गठ्ठा बांधून माळ्यावर टाकल्या. मी भेटायला गेलो तेव्हा ते साध्या सदऱ्यात बसले होते. मी परीक्षेचं विचारलं. "मी तिथं उठाबशा काढत होतो, साडूभाऊ," ते म्हणाले, "आणि ही इथं पडली होती."

चार दिवसांनी निकिता फुलंब्रीहून आली. तिनं साडूभाऊंना काही विचारलंच नाही. स्टूल ओढलं, माळ्यावरचा गठ्ठा खाली काढला आणि अक्काच्या पलंगाशी जाऊन बसली. "काकू, हे काका शिकवना झाल्यात. मी आता नापास झाले तर घरचे म्हनतेत, लगीन कर. तुम्हीच सांगा यांना." अक्का म्हणाली, "अहो, ऐकताय ना? पोरीचं नुकसान करू नका. आणि इथंच शिकवा, मला तेवढीच सोबत." मग रोज दुपारी पलंगाच्या पायथ्याशी शाळा भरू लागली. आठवडाभरात भलतंच झालं. साडूभाऊ निकिताला विचारत, गुडघा सरळ करणारा स्नायू कोणता, निकिता वर आढ्याकडं बघत राही, आणि पलंगावरून आवाज येई, "मांडीतले ते चार भाऊ आहेत ना, एकाच विहिरीवरचे? क्वाड्रिसेप्स!"

एका दुपारी साडूभाऊंनी नवा कोरा फॉर्म घेतला, वर अक्काचं पूर्ण नाव लिहिलं आणि पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसले. त्या दिवशी मीही तिथं होतो. त्याआधी त्यांनी डॉक्टरांकडून 'चालवण्यास हरकत नाही' असं सही-तारखेसह लिहून आणलं होतं, आणि फिजिओथेरपीवाल्या बाईंकडून व्यायामांची यादीही. पहिला प्रश्न होता, उद्दिष्ट काय? अक्का म्हणाली, "उद्दिष्ट कसलं आलंय! तुमच्या हातचा चहा पिऊन पिऊन जीव चाललाय माझा. स्वयंपाकघरापर्यंत जायचंय." साडूभाऊंनी लिहिलं, 'स्वयंपाकघर. अंतर सव्वीस फूट.' पुढचा प्रश्न विचारायला त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. फॉर्म पालथा घातला, दोन्ही पेनं खिशात अडकवली, खुर्चीवरून उठून खाली फरशीवर बसले. एकट्यानं, कुणाचा हात न घेता बसले. पण तेव्हा ते कुणाच्या लक्षात आलं नाही. "कशाची भीती वाटते गं?" त्यांनी विचारलं.

अक्कानं पांघरुणाची कड सारखी केली. मग म्हणाली, "पडायची नाही हो. पडले तर हाड मोडंल, जोडता येतंय. पण तसं हाका मारत पडून राहायचं... मला माझाच आवाज परका वाटाया लागला होता."

साडूभाऊंनी मान हलवली. "मी समोर असल्याशिवाय तू पाय टाकायचा नाही," ते म्हणाले, "आणि तू पाय टाकशील तेव्हा मी समोर नाही, असं होणार नाही." हे त्यांनी कुठं लिहिलं नाही, कुणाची सही घेतली नाही.

पहिले आठ दिवस फक्त पलंगाच्या कडेला पाय सोडून बसायचं. मग उभं राहायचं, दहा अंक मोजेपर्यंत. साडूभाऊ पुढ्यात, हात पुढं केलेले. रोजची पावलं फरशीवर खडूनं आखलेली, पण अक्का चालताना त्यांची नजर खडूवर नसायची, तिच्या चेहऱ्यावर असायची. ती थांबली की ते थांबायचे, कारण विचारायचे नाहीत. निकिता आली की मागं उभी राहून म्हणायची, "काकू, लई भारी! पाठ सरळ!" सव्वीस फुटांना पाच आठवडे लागले. अक्का ओट्याशी पोचली, ओट्याला दोन्ही हात टेकले, आणि आजूबाजूला बघून पहिलं वाक्य बोलली, "शी! काय ही अवस्था करून ठेवलीय माझ्या स्वयंपाकघराची!" साडूभाऊ दारात उभे राहून डोळे पुसत होते आणि चष्म्याला वाफ आली म्हणून सांगत होते. गॅस पेटवलेला नव्हता.

फेरपरीक्षेत त्यांच्या वाट्याला एक पन्नाशीच्या शिक्षिका आल्या, गुडघेदुखीच्या. साडूभाऊंनी आजारपणाचे चार आवश्यक प्रश्न विचारले, फॉर्म बाजूला ठेवला आणि म्हणाले, "बाई, कशाची काळजी वाटते ते सांगा, मग हळूहळू सुरू करू." पंचवीस मिनिटांत बाई घामाघूम होऊन हसत होत्या. इम्रान सर दारातून बघत होते. बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "चाचा, ये कहाँ सीखे? मैं ने तो नहीं सिखाया." साडूभाऊ म्हणाले, "घरीच सराव झाला सर." निकिताही पास झाली, हाडांच्या प्रश्नात पैकीच्या पैकी. आता ती फुलंब्रीत बायकांची सकाळची बॅच घेते. साडूभाऊंनी आलेल्या प्रमाणपत्राच्या पाच प्रती काढून प्रत्येकीवर स्वतःच 'अस्सल बरहुकूम', म्हणजे मुळाप्रमाणे खरी नक्कल, म्हणून सही केली, त्यातली एक मला दिली. का, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. आता सकाळी सातला कॉलनीतल्या मोकळ्या जागेत ते नऊ-दहा म्हाताऱ्यांकडून व्यायाम करून घेतात. गारखेड्यातल्या त्या जिमची तक्रार करायला मात्र ते गेले नाहीत. राहूनच गेलं, म्हणतात.

परवा संध्याकाळी मी त्यांच्याकडे निघालो होतो तर गल्लीच्या तोंडाशी दोघं दिसली. अक्का त्यांच्या कोपरात हात अडकवून चालत होती, काहीतरी सांगत होती, आणि साडूभाऊ तिच्या पावलाला पाऊल लावून, छाती पुढं काढून, मिरवणुकीत असल्यासारखे. तेवढ्यात समोरच्या दारातून कुणीतरी अक्काला हाक मारली. तिनं त्यांचा हात सोडला आणि बोलत बोलतच तिकडं गेली. पायरीही चढली. मागं वळून पाहिलं नाही. साडूभाऊ जागच्या जागी उभे राहिले. मी जवळ गेलो आणि म्हटलं, "साडूभाऊ, अभिनंदन. विद्यार्थिनी तयार झाली की तुमची."

"झाली," ते म्हणाले. आतून अक्काच्या हसण्याचा आवाज येत होता. ते त्या दाराकडं बघत होते, आणि त्यांचा डावा हात कोपरात वाकवून तसाच, कुणीतरी धरल्यासारखा, पुढं होता.